झाकलेलं आगर, उघडं अंगण

माघ सरता सरता आमच्याकडे वारा दिवसातून दोनदा पालटतो. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वाहत असतो, खांद्यावर शाल घ्यावी असा गार, आणि माडांच्या झावळ्यांवरून दहिवर ठिबकत असतं. अकराच्या सुमाराला तो पडतो. तासभर पोफळीचं पानही हलत नाही. मग समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो दिवेलागणीपर्यंत. मधल्या त्या तासाभरात जे ऊन लागतं ती उन्हाळ्याची पहिली वर्दी. विहिरीच्या आतल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडायला लागलेल्या असतात. काजूला बोंडं लोंबत असतात, हापूसची कणी वाटाण्याएवढी झालेली असते, परड्यातले कडवे वाल शेंगेतच खडखडायला लागलेले असतात. गुहागर तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात बागेची वसंतातली तयारी सुरू होते ती या दिवसांत, शिमग्याच्या आगेमागे.

थंड देशांत वसंतातली बागेची तयारी म्हणजे उगवणीची तयारी. बर्फ वितळतं, माती ऊब धरते, लोक हिरवळीवरचं मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढतात, दाबलेली माती टोचे मारून सैल करतात, उघड्या पडलेल्या जागी गवताचं बी फेकतात. पुढचे कित्येक महिने त्या बियांना अधूनमधून पाऊस मिळणार असतो. आमच्याकडे सगळं उलट. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मार्चमध्ये उभं राहून पुढे बघावं तर तीन महिने आभाळातून काहीही मिळायचं नसतं. त्यामुळे आमची वसंतातली सगळी खटपट झाडं तगवण्यासाठी. आणि त्यातलं मोठं काम म्हणजे जमीन झाकणं. पाणी घालणं त्याच्यानंतर येतं, खत त्याच्याही नंतर.

आमच्या घराची मांडणी किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या घरांसारखीच आहे. रस्त्याच्या बाजूला अंगण, मग ओटी, माजघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, आणि विहिरीपासून थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत, उतरत गेलेलं आगर. आगरात वर माड, त्यांच्या सावलीला पोफळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल, खाली जायफळ, दालचिनी, केळी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ. या घराने आपल्या दोन जमिनींना दोन वेगळे नियम लावून ठेवले होते. अंगण उघडं, झाडलेलं, सारवलेलं. आगर झाकलेलं. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर फिरताना मला हे नियम अदलाबदल झालेले दिसतात. आगरातला पाचोळा रोज झाडून जाळला जातो, झाडांखालची माती चकचकीत उघडी ठेवली जाते, आणि अंगणावर मात्र गवताचा गालिचा नाहीतर पेव्हर ब्लॉक घातले जातात. दोन्हीकडे नुकसान आहे, आणि ते नेमकं मार्चपासून जाणवायला लागतं.

आधी पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या पाचोळ्याचं सांगते.

आंबा, फणस, काजू, रातांबा ही झाडं सागासारखी एकदम बोडकी होत नाहीत, पण माघ-फाल्गुनात त्यांची गळती वाढते. सकाळी आगरात जावं तर पायाखाली सगळा कुरकुर आवाज. आमच्याकडे कामाला येणाऱ्या भाऊंनी आयुष्यभर गावातल्या आगरांत कामं केली आहेत. त्यांचा हात या दिवसांत आपोआप खराट्याकडे जातो. ढीग झाला की विचारतात, "वहिनी, काडी लावू काय ह्याला? अर्ध्या तासात मोकळं होईल." मी नको म्हणते, आणि मग आमचा ठरलेला वाद होतो. तो वाद मला आवडतो, कारण भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांचं म्हणणं, पातेऱ्यात फुरसं, तो विषारी साप, बसतं आणि ते दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या कुणीही हे हसण्यावारी नेऊ नये. फुरसं वीत-दीड वीत लांब, रंगाने वाळक्या पानासारखं, आणि पाऊल अगदी जवळ येईपर्यंत जागचं हलत नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक व्यवस्था लावून घेतली आहे. घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून आगराच्या टोकापर्यंतची वाट दोन हात रुंद, रोज झाडलेली. पडवीला आणि न्हाणीला लागून पातेरा अजिबात नाही. पातेरा हलवायचा तो दाताळ्याने, हाताने कधीच नाही, आणि पायात गमबूट. एवढं पाळून उरलेलं सगळं आगर झाकलेलं.

झाकलेल्या जमिनीत काय होतं ते बघायचं तर दुपारी तीनला बघावं, ऊन खाली यायला लागतं तेव्हा. दाताळ्याने पातेऱ्याचा थर थोडा बाजूला सारला की वरची पानं कोरडी कडकडीत, त्याच्या खालची मऊ, आणि त्याखालची काळपट, एकमेकांना चिकटलेली. त्या चिकटलेल्या पानांच्या मधून बुरशीचे पांढरे धागे गेलेले असतात. अगदी तळाशी पानाची फक्त शिरांची जाळी उरलेली असते आणि मातीवर गांडुळांची बारीक गोळ्यांची विष्ठा. ती माती मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरते. दोन पावलं बाजूला, वाटेवरच्या उघड्या जागेत हात घातला तर पुळणीची माती बोटांतून घरंगळून जाते आणि तळहात भाजतो. विहीर एकच, शिंपणारा हात एकच. पाणी जमिनीत किती दिवस राहतं हे वरच्या पांघरुणावर ठरतं.

काजूची आणि आंब्याची पानं सावकाश कुजतात, हे खरं. फणसाची त्या मानाने लवकर. म्हणून आम्ही पानं एकत्र मिसळून घेतो आणि अधूनमधून त्यावर पातळ शेणकाला शिंपडतो. वाळवीची भीती असेल तर थर बुंध्याला टेकू द्यायचा नाही, वीतभर जागा मोकळी सोडायची. हापूसच्या झाडाखाली हे आच्छादन विशेष कामाला येतं. फळ वाटाण्याएवढं झालं की पंधरा-पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे-दोनशे लिटर पाणी द्यावं, म्हणजे फळगळ कमी होते, अशी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. हे पाणी उघड्या आळ्यात घातलं तर चार दिवसांत उडून जातं.

शेतातल्या भाजावळीबद्दल मात्र मी हे बोलत नाही. भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायच्या जागेवर, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), शेण, पातेरा घालून भाजायचं, त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते आणि आवणाच्या, म्हणजे लावणीच्या वेळी रोप सहज उपटून येतं. ती जमिनीच्या एका छोट्या तुकड्यावर, कारणासाठी लावलेली आग. आगरातला ढीग जाळण्यामागे स्वच्छ दिसण्यापलीकडे कारण नसतं. शिवाय फाल्गुनातला वारा कधी फिरेल सांगता येत नाही. ढिगातली ठिणगी कुंपणापलीकडच्या वाळक्या गवतात गेली की वणवा डोंगरभर चढतो, आणि मोहोरलेल्या काजूच्या बागा एका दुपारीत काळ्या होतात. हे आम्ही जवळजवळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावाबद्दल ऐकतो. डोंगराकडच्या बाजूला गवत कापून जाळरेषा काढून ठेवणं हेसुद्धा म्हणून वसंतातल्याच तयारीत येतं, आणि ते शिमग्याच्या होळीआधी झालेलं बरं.

माडांना पातेऱ्यापेक्षाही चांगलं पांघरूण त्यांच्याच सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सोललेल्या सालांचं. माडाची बरीचशी कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, म्हणून आळं साधारण सहा फूट त्रिज्येचं. आळ्यात चर घेऊन सोडणं पुरायची तर खालच्या थरांत उताणी मांडायची, म्हणजे त्यांच्या पोकळीत पाणी साठतं, आणि अगदी वरचा थर पालथा, म्हणजे ते उडत नाही. सोडण आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी धरून ठेवतं आणि पाच-सहा वर्षं तरी पुरतं. पालाशही त्यातून मिळतं. एवढी गुणाची वस्तू चुलीत घालायला किंवा गडग्याकडेला, दगडी कुंपणाशी, टाकून द्यायला माझं मन होत नाही. पाडेली नारळ पाडायला वर चढला की त्याच चढणीत माडाचा शेंडा साफ करून घ्यायचा, वाळक्या झावळ्या, पोयी (वाळलेले फुलोरे), जाळी सगळं उतरवायचं. झावळ्यांचे तुकडे आळ्यात आडवे. हिरांचे खराटे होतात ते वेगळेच.

शेंड्याकडे पाहिलं की गेंड्या भुंग्याची खूण कळते. उलगडलेल्या झावळीची पाती कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसली की समजायचं, कोवळी सुई मिटलेली असतानाच भुंग्याने ती भोकसली होती. लोक मग माडावर औषध शोधायला लागतात. भुंग्याचं घर मात्र खाली असतं, आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात. तिथे त्याच्या जाड, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या महिनोन्महिने खात पडलेल्या असतात, आणि पावसाच्या सुमाराला भुंगे होऊन उडतात. तेव्हा आत्ता, मार्चमध्ये, खड्डा तळापासून वरखाली करायचा. आमच्याकडे हे काम सकाळी लवकर होतं आणि कुणाला बोलवावं लागत नाही. भाऊंचा फावडा मातीत शिरल्याचा आवाज झाला की कावळे, साळुंक्या आणि तो एक लाल डोळ्यांचा भारद्वाज गडग्यावर हजर. दुपारपर्यंत खड्ड्यात अळी शोधून सापडत नाही. वर मेटारायझियम नावाच्या बुरशीची पावडर पाण्यात मिसळून शिंपडली की राहिलेल्यांचीही सोय होते.

पोफळीची गोष्ट निराळी, तिला ऊनच सोसत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्या तिरप्या दुपारच्या उन्हाने खोडाची नैर्ऋत्येची बाजू आधी पिवळी, मग करपट होते, पुढे तिथे चीर जाते, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या वाऱ्यात पोफळ त्या जागी मोडते. गळून पडलेली विरी (पोफळीच्या झावळीचा रुंद देठ) किंवा झावळी त्या बाजूला गुंडाळून बांधली की काम भागतं. कडेच्या ओळींना तेवढं करावं लागतं, आतल्यांना माडांची आणि एकमेकींची सावली असते.

ही सावली म्हणजे काय, हे आम्हाला ३ जून २०२० ला नीट कळलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं त्या दिवशी. आमच्याकडे थोडक्यात निभावलं, पण आत्याची वाडी केळशीला. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा वाडीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाची विहीर दिसत होती. त्या वाडीत तोवर कधी दहा पावलांपलीकडचं दिसलं नव्हतं. माड मुळासकट आडवे, पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडलेल्या. पुढच्या वर्षी त्याहून वाईट पाहिलं. वादळात उभी राहिलेली जायफळाची झाडं मार्चच्या उन्हात उभ्या उभ्या वाळली, कारण त्यांच्या डोक्यावर कुणी उरलं नव्हतं. आत्याने आधी केळी लावल्या, भरपूर, वाडीभर. केळीच्या सावलीत पोफळीची रोपं. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही तेवढीच किंवा जास्त. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई रोज सकाळी त्या रोपांना विरीची टोपी करून घालत होती. परवा फोनवर म्हणाली, "एकीला पोय आली गं." मी दुसऱ्या दिवशी गाडी पकडून बघायला गेले.

आता थोडं मोगऱ्याबद्दल, कारण फुलझाडांमध्ये वसंतातली खरी तयारी त्याच्याइतकी कुणाला लागत नाही. अबोली आणि जास्वंद बारा महिने काही ना काही देत राहतात, बकुळ आणि सोनचाफ्याला आपण हात लावायची गरज नसते. मोगरा मात्र नव्या फुटीवरच फुलतो. पौषात त्याचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बघवत नाही, पण तोडायचं. मग माघात कात्री. या घरात आल्यावर मी पहिल्यांदा कापायला बसले तेव्हा सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "अगं, एवढं भिऊन काय कापतेस? आणखी खाली घे." गुडघ्याइतक्या उंचीवर, पेराच्या जरा वर, तिरका काप. आतल्या बाजूला वाढणाऱ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून. उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची. मग खुरप्याने बुंध्याभोवतीची माती उकरून वरची मुळं थोडे दिवस उन्हाला द्यायची, आणि शेवटी कुजलेलं शेणखत घालून आळं बंद करायचं. पाणी पहिल्यांदा बेताने.

आठवड्याभराने प्रत्येक कापाखाली समोरासमोर दोन डोळे फुगतात, तांबूस हिरवे, मोहरीएवढे. ते मोठे होऊन त्यांची कोवळी, चकाकणारी पानं सुटतात, जोडीजोडीने. आणि एका सकाळी शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात तीन कळ्या दिसतात, मधली मोठी, दोन बाजूच्या लहान. मधली आधी फुलते. हे बघायला मी रोज जाते आणि मला त्याचा कंटाळा येत नाही. पाडव्याला पहिली ओंजळभर फुलं निघाली की सासूबाई ती आधी तुळशीवर वाहतात आणि मग घरातल्या सगळ्या बायकांना वाटतात. माझ्या वाट्याची मी पाण्याच्या माठात टाकते.

अंगणाचं काम शिमग्याच्या आधी उरकावं लागतं, कारण पालखी घरोघर येते आणि ती अंगणात नाचते. पावसात शेवाळलेलं अंगण दिवाळीच्या सुमाराला एकदा खरवडून, माती टाकून, चोपून घेतलेलं असतंच. हिवाळ्यात त्याच्यावर भात झोडलेलं असतं, वाल सुकवलेले असतात, मुलं खेळलेली असतात. फाल्गुनात त्याला पोपडे सुटायला लागतात. मग जिथे खड्डा पडला तिथे लाल माती, पाणी, वर चोपण्याचे ठोके. दुसऱ्या दिवशी सारवण. आमच्याकडे येणाऱ्या मावशी शेण आधी हाताने चुरून त्यातली काडी-काडी वेचून काढतात, मगच पाणी घालतात. काला इतका पातळ की तो ओतल्यावर स्वतःहून पसरला पाहिजे. त्या ओटीच्या पायरीशी सुरुवात करतात आणि मागे मागे सरकत रस्त्याकडे जातात. उजवा हात खांद्यापासून फिरतो, अर्धवर्तुळ उमटतं, पुढचं अर्धवर्तुळ आधीच्यावर बोटभर चढलेलं. कुठे थांबणं नाही, परत फिरून सुधारणं नाही. वाळल्यावर त्या कमानी एकीखाली एक अशा उन्हात दिसतात, आणि मावशींचा हात ज्यांना माहीत आहे त्यांना दुसऱ्या कुणाचं अंगण मावशींचं वाटणार नाही.

हे अंगण रिकामं का ठेवायचं, असा प्रश्न शहरातून आलेले पाहुणे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उघड्या, सपाट, फिक्या जमिनीवर विंचू दिसतो, फुरसं दिसतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचे उपचार शोधून किती जीव वाचवले हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरचं कुणी सन्मानित झाल्यासारखं वाटलं. विंचवाची भीती आमच्या आजी-आजोबांच्या काळात किती खरी होती हे त्या आनंदावरून समजावं. आणि अंगण रिकामं कधी असतं? मार्चमध्ये त्यात काजूबिया सुकतात, एप्रिलमध्ये आमसुलं, मेमध्ये फणसाच्या आठळ्या, कुळीथ, सांडगे, साटं. पालखी नाचते. लग्नाचा मांडव पडतो. रात्री चटई टाकली की वारा घेत झोपता येतं.

पुण्याला असलेल्या माझ्या पुतण्याने यंदा गावच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायचं ठरवलं. चांगला विचार आहे, गावात चार पैसे येतील, घर नांदतं राहील. त्याचा फोन आला, "काकू, अंगणात लॉन करून घेऊ का? फोटो छान येतात." त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगते.

हिरवळ ही कल्पना बारमाही रिमझिम पावसाच्या मुलखातली. गवत कापायचं यंत्रही इंग्लंडात १८३० साली एडविन बडिंगने काढलं. तिथे हिरवळ राखायला ऊन कमी पडतं, पाणी नाही. आमच्याकडे मार्च ते मे या काळात एक चौरस मीटर हिरवळ रोज साधारण पाच लिटर पाणी मागते. गुंठाभर अंगण म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे रोज पाचशे लिटर. उन्हाळ्यात एका माडाला ठिबकने रोज चाळीस-पन्नास लिटर लागतं. तेव्हा अंगणात गुंठाभर हिरवळ हिरवी ठेवायची म्हणजे आगरात दहा माड वाढवण्याइतकं पाणी. गवत नारळ देत नाही.

आणि हे पाणी येणार कुठून, तर विहिरीतून. किनाऱ्यावरच्या विहिरीचं एक वेगळं गणित आहे, ते प्रत्येक बागवाल्याला माहीत असायला हवं. पुळणीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. गोड्या पाण्याची पातळी उपशाने एक फूट खाली गेली की त्या वजनाच्या हिशोबाने खालचं खारं पाणी जवळजवळ चाळीस फूट वर सरकू शकतं. रहाटाच्या काळात हे आपोआप सांभाळलं जायचं. बैल किंवा रेडा गोल फिरणार, पोहरे भरून येणार, डोणीतून पाटाला आणि पाटातून आळ्यांना पाणी जाणार. बैल थकला की उपसा थांबणार, आणि तेवढ्यात विहीर पुन्हा भरणार. पंप थकत नाही. पाच-सहा घरांनी मार्चपासून पंप लावून गवत भिजवलं तर एप्रिलमध्ये त्या आळीतल्या सगळ्यांच्या चहाला खारट चव लागते, ज्यांच्याकडे गवताची काडी नाही त्यांच्यासुद्धा. खाऱ्या झालेल्या पाण्याने पोफळीच्या पानांची टोकं आधी करपतात. एकदा शिरलेला खारटपणा पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही, कधी एका पावसाळ्याने पुरताही जात नाही.

पुतण्याने लगेच विचारलं, मग पाहुण्यांना हिरवं काहीच दाखवायचं नाही का? दाखवायचं की. जूनच्या पहिल्या पावसानंतर गडग्याच्या कडेला हरळी स्वतःहून हिरवी होते. तिला आत्ता वाळलेली बघून कुणी खणून काढू नये, ती मेलेली नसते. दूर्वांसाठी गणपतीत तिच्याकडेच जायचं आहे. समुद्राच्या बाजूला मर्यादवेल आहे, बैलाच्या खुरासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची. ती खाऱ्या वाऱ्यात, तापलेल्या वाळूत, पाण्याचा एक थेंब न मागता हिरवी राहते आणि पुळण धरून ठेवते. काही ठिकाणी समुद्र दिसावा म्हणून ती उपटतात, त्यानंतर पहिल्या उधाणाला वाळू आगरात येते. तिला हात लावू नकोस, असं मी त्याला बजावलं. आणि बागेत दिवे लावलेस तर समुद्राकडे तोंड करून लावू नकोस. फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात आणि रात्रीच्या अंधारात समुद्राच्या फिकट उजेडाकडे जातात. दिवा दिसला तर ती उलटी फिरून कुंपणात येऊन अडकतात.

त्याने अंगण तसंच ठेवायचं कबूल केलं आहे. अर्ध्या भागात जांभ्याच्या चिऱ्यांची वाट काढणार, चिऱ्यांमध्ये माती ठेवून, म्हणजे पाणी मुरेल. उरलेलं सारवून घेणार, आणि सारवायला मावशींनाच बोलावणार. मावशींनी त्याला आधी विचारून घेतलं की शेण तुझ्याकडे आहे की मी घेऊन येऊ. त्याच्याकडे नाही. गावात गुरं कमी झाली आहेत, आणि हा प्रश्न आता माझ्यासमोरही आहे. खताचा खड्डा गेल्या वर्षीइतका भरलेला नाही. म्हणून यंदा मी पातेरा जास्त साठवते आहे आणि शेणकाला जपून वापरते आहे. विहिरीजवळ गिरिपुष्पाच्या फांद्या रोवून कुंपण केलं आहे, त्यांचा पाला लवकर कुजतो आणि त्यात नत्रही भरपूर.

पाडेली पाडव्याच्या आधी येणार आहे. नारळ उतरले की सोडणांचा मोठा ढीग पडेल आणि आमच्या आळ्यांना तेवढी लागणार नाहीत. आसपासच्या वाडीत कुणाला माडांसाठी हवी असतील तर टेंपो घेऊन यावं. पैसे नकोत. फक्त सकाळी दहाच्या आत यावं, नंतर भाऊ शिंपणात असतात आणि ढीग भरायला हात कमी पडतात.